कमी मसाल्याची बारीक अगरबत्ती, जी दमट हवेतही मधेच विझत नाही

किनाऱ्याजवळ अगरबत्ती करणाऱ्यांच्या दोन तक्रारी ठरलेल्या असतात, एक म्हणजे मसाला फार जातो आणि दुसरी म्हणजे बत्ती अर्ध्यात विझते, आणि बहुतेक जणी दुसरीवर उपाय म्हणून बत्ती अजून जाड करतात म्हणजे पहिली तक्रार डबल. माझं स्पष्ट मत आहे की उलट जायला पाहिजे, बत्ती बारीक करा पण सगळीकडे सारखी करा, कोरडी ठेवा आणि तिच्यात मीठ जाऊ देऊ नका. एवढं जमलं की मसाला वाचतो, धूर कमी होतो आणि बत्ती शेवटपर्यंत जाते.

आधी हिशोब बघू कारण तो बघितल्याशिवाय बारीक करायची हिंमत होत नाही. मशीनला लागणारी बाजारातली गोल बांबू काडी साधारण १.३ मिमी जाड असते. त्यावर मसाला लावून बत्ती ३ मिमीची झाली असं धरा. आता तीच २.५ मिमी केली तर डोळ्याला फरक कळतही नाही, पण मसाला ३८ टक्के कमी लागतो, कारण मसाला जाडीच्या वर्गावर जातो, ३ चा वर्ग ९ आणि २.५ चा ६.२५, दोन्हीतून काडीचे १.६९ वजा करा, राहिले ७.३१ आणि ४.५६. अर्ध्या मिलिमीटरचा एवढा खेळ आहे.

पण इथेच एक मेख आहे. मसाला कमी केला आणि काडी तीच ठेवली तर बत्तीत बांबूचा वाटा १९ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर जातो, आणि बांबू काही कोळशासारखा गुपचूप धुमसत नाही, तो ओलसर असला की निखाऱ्याची उष्णता खातो आणि बत्ती विझते. म्हणून बत्ती बारीक करायची तर काडीही बारीक घ्या, १.१ मिमीची मिळाली तर बांबूचा वाटा परत १९ टक्क्यांवर येतो आणि मसाला तरी ३१ टक्के वाचतोच, म्हणजे ज्या मसाल्यात आधी १००० बत्त्या व्हायच्या त्यात आता १४५० च्या आसपास. हातवळणीला ही काडी चालते, मशीनवर करत असाल तर आधी मशीनवाल्याला विचारा, कारण काडी ओढणारा भाग १.३ साठी सेट केलेला असतो आणि डायही, म्हणजे बत्ती ज्या भोकातून बाहेर येते तो साचाही, बदलावा लागतो.

याहून बारीक जायच्या मोहात पडू नका. निखारा स्वतःची उष्णता स्वतः तयार करतो आणि बाजूच्या हवेला देत राहतो, जाडी जितकी कमी तितकी उष्णता तयार करणारा माल कमी आणि त्या मानाने बाहेरचा पृष्ठभाग जास्त, म्हणजे एका हद्दीखाली गेलात की निखारा तगतच नाही. आपल्या हवेत २.५ वर थांबावं असं मी सगळ्यांना सांगते.

आता मसाला. १ किलो कोरड्या मसाल्याला मी कोळसा पावडर ४५० ग्रॅम, लाकडी भुसा ३०० ग्रॅम आणि जिगट पावडर, म्हणजे मसाला चिकटवणारी झाडाच्या सालीची पूड, २५० ग्रॅम घेते. जाड बत्तीला जिगट २०० लाही भागतं, पण बारीकला थर पातळ असल्यामुळे पकड जास्त लागते. २५० च्या वर जिगट नेऊ नका, बत्ती कडक होते, आत हवा शिरत नाही आणि विझते. मजबूत दिसते म्हणून जिगट वाढवत नेणं हे बत्ती विझण्याचं एक मोठं कारण आहे आणि कोणाच्या लक्षातच येत नाही.

कोळसा आपल्याकडे करवंटीचा फुकटात मिळण्यासारखा आहे. २०० लिटरच्या पिंपात करवंट्या पेटवायच्या, खालून हवा कमी ठेवायची, दाट पांढरा धूर संपून पातळ निळसर धूर यायला लागला की झाकण लावून सगळ्या फटी मातीने लिंपून टाकायच्या आणि रात्रभर तसंच सोडायचं. करवंटीच्या वजनाच्या साधारण २५ ते ३० टक्के कोळसा हाती येतो. पिंप उघडल्या उघडल्या दळायला घेऊ नका हां, ताजा कोळसा हवा शोषताना तापतो आणि ढिगात आपोआप पेट घेऊ शकतो, एक अख्खा दिवस उघड्यावर पसरून ठेवा, मग दळा. दळताना तोंडाला नीट मास्क पाहिजेच, पदर चालत नाही, ती काळी धूळ खूप बारीक असते.

चाळणी १०० मेशची, म्हणजे एका इंचात १०० भोकांची, घ्या. बारीक बत्तीत काडीवर मसाल्याचा थर जेमतेम ०.७ मिमी असतो आणि १०० मेशमधून पडणारा कण ०.१५ मिमीचा, म्हणजे थरात चार-पाच कणच बसतात, त्यात एखादा जाड खडा आला की तिथे जळण अडकतं नाहीतर भसकन पुढे पळतं. जाड बत्तीत हे खपून जातं पण इथे नाही. कोळसा, भुसा, जिगट तिन्ही वेगवेगळे चाळा, मग कोरडेच एकत्र करून परत एकदा चाळा.

भुसा सॉ मिलमधून आणायचा, आंबा फणस चालतो, पण प्लायवूड किंवा एमडीएफ कापलेला भुसा बिलकुल नको, त्यात गोंदाची रसायनं असतात आणि ती घरात जाळायची नाहीत. काजूच्या टरफलाचा कोळसाही नको. आपल्याकडे ती टरफलं ढिगाने पडलेली असतात म्हणून लोकांना वाटतं वापरून टाकू, पण नीट जळली नाहीत तर आत डिंबेल, म्हणजे टरफलातलं झोंबरं तेल, राहतं, हाताला फोड येतात, आणि त्याचा धूर डोळ्याला घशाला किती झोंबतो हे काजू भाजणाऱ्यांना विचारा.

आता मिठाचं, आणि हे जरा सविस्तर सांगते कारण आपल्या भागातला खरा घोळ इथेच आहे. पोटॅश जळायला मदत करतं आणि क्लोराइड जळण दाबतं. तंबाखूवाल्यांना हे फार आधीपासून माहीत आहे, तंबाखूच्या पिकाला म्युरेट ऑफ पोटॅश (क्लोराइडवालं खत) टाळून सल्फेट ऑफ पोटॅश देतात ते यासाठीच, कारण क्लोराइड पानात गेलं की पान नीट जळत नाही, आणि सिगारेटच्या कागदाला सोडियम नाहीतर पोटॅशियम सायट्रेट लावतात तेही जळण एकसारखं राहावं म्हणून. आपली बत्ती वेगळी असली तरी धुमसण्याचा नियम तोच. शिवाय खारं मीठ हवेतला ओलावा ओढतं, म्हणजे दुहेरी नुकसान.

तर मीठ कुठून कुठून येतं ते बघा. एक, पाणी. खाडीजवळच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, त्या पाण्यात मसाला मळला की सुकताना पाणी उडून जातं आणि मीठ सगळं बत्तीत राहतं. पावसाचं साठवलेलं किंवा नळाचं गोडं पाणी वापरा. दोन, नारळाचं सोडण (वरचं तंतूचं आवरण) आणि काथ्याचा भुसा. नारळाच्या झाडाला क्लोराइड आवडतं आणि ते सोडणात बऱ्यापैकी उतरतं, म्हणून भुसा कमी पडला की काथ्याचा भुसा ढकलायची सवय सोडा, वापरायचाच असेल तर पावसाळाभर भिजलेला, धुतला गेलेला घ्या आणि नंतर कडक वाळवा. तीन, बांबू. भुंगा लागू नये म्हणून बांबू खाडीत भिजत टाकतात, तो मांडवाला, कुंपणाला बेस्ट आहे पण अगरबत्तीच्या काडीला तसला बांबू घेऊ नका. आपला माणगा जातीचा बांबू भरीव असतो, घरी काड्या काढत असाल तर तो चालेल, फक्त गोड्या पाण्यातला पाहिजे आणि बाहेरची हिरवी साल पूर्ण काढलेली पाहिजे, त्या सालीत सिलिका असतं आणि ती नीट जळत नाही. चार, खारा वारा. समुद्राच्या तोंडावर गच्चीत बत्त्या वाळत घातल्या की संध्याकाळपर्यंत हाताला चिकट लागायला लागतात ते त्या वाऱ्यातलं मीठ. घराच्या मागच्या बाजूला, वारा अडेल अशा पडवीत वाळवा.

मळताना १ किलोला ६०० मिली पाण्यापासून सुरुवात करा आणि मग हाताच्या अंदाजाने थोडं थोडं वाढवा, जिगट जशी असेल तसं कमीजास्त होतं. चपातीच्या कणकेपेक्षा किंचित घट्ट झालं की थांबा, ओल्या फडक्याखाली तासभर ठेवा म्हणजे जिगट फुगते, आणि परत मळा. न मुरवता वळायला घेतलं तर थर काडीवरून सरकतो.

हाताने वळताना जाडी सारखी कशी ठेवायची तर पाटाच्या दोन कडांना दोन पट्ट्या ठोकायच्या, साधारण २.७ ते २.८ मिमी उंचीच्या, कारण ओली बत्ती वाळताना आकसते आणि मग २.५ वर येते. मधे काडी आणि मसाला ठेवून वरून सपाट फळीने वळायचं, फळी पट्ट्यांवर टेकली की बत्ती त्याहून बारीकही होत नाही आणि जाडही राहत नाही. नवीन बाईसुद्धा एका दुपारी हात बसवते. वाळल्यावर मोजायला साधा प्लॅस्टिकचा व्हर्निअर (जाडी मोजायचं माप) घ्या, टोक, मध्य आणि बुड अशा तीन जागी मोजा. बुडाशी जाड आणि टोकाला बारीक अशी बत्ती कधीच एका वेगाने जळणार नाही.

वाळवणं सावलीतच. उन्हात टाकली की वरचा थर आधी आकसतो, आत ओल तशीच राहते, बत्ती वाकते आणि चिरा पडतात, आणि चीर म्हणजे तिथे निखारा सुटून खाली पडायची जागा. वाळली की नाही हे हात लावून ठरवू नका, १०० बत्त्यांची जुडी वजन करा, अजून दोन-तीन तास वाळवून परत वजन करा, फरक पडला नाही म्हणजे झाली. पावसाळ्यात हे जमत नाही, जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवाच इतकी ओली असते की वाळलेली बत्ती परत ओल धरते, आणि नेमकी मोठी मागणी भाद्रपदात गणपतीला असते. म्हणून गणपतीचा माल मेच्या आत करून, पूर्ण वाळवून, जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत सील करून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. माळ्यावर उघडं ठेवू नका.

सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, घालायचा सल्ला कोणीतरी देईलच. सोऱ्याने बत्ती जळते हे खरं पण भुरकत जळते, ठिणग्या उडतात, वेळ कमी होतो, आणि देवघरात पडदे, कापूस, तेल सगळं शेजारीच असतं. जी बत्ती सोऱ्याशिवाय जळत नाही तिची ओल किंवा मीठ शोधा.

वासासाठी सुरंगीच्या सुकवलेल्या कळ्या, बकुळ, वाळा, नागरमोथा, जे घ्याल ते दळून १०० मेशने चाळून मसाल्यातच घाला, पण एकूण वजनाच्या दहाव्या हिश्श्यावर जाऊ नका, फुलांची पूड जास्त झाली की जळक्या पाल्याचा वास येतो. कच्ची बत्ती करून वरून सेंट मारत असाल तर बारीक बत्ती तेल पटकन पिते, नुसती बुडवून लगेच बाहेर काढा आणि निथळू द्या. तेलाने चिंब झालेली बत्ती विझते.

आता टेस्ट, ही प्रत्येक घाण्याला, म्हणजे एका वेळी मळलेल्या मालाला, करायचीच. बत्तीवर पेन्सिलीने दर २ सेंमीवर खूण करा, वारा नसलेल्या खोलीत स्टँडला जशी तिरकी लावतो तशीच लावा आणि प्रत्येक खुणेला घड्याळ बघून वेळ लिहा. दोन खुणांमधला वेळ दहा टक्क्यांच्या आत पुढेमागे झाला तर मिश्रण छान आहे. मधेच एखादा टप्पा फार लांबला तर ती जागा जाड आहे किंवा तिथे खडा आहे, आणि सुरुवातीपासूनच शेवटाकडे हळूहळू मंदावत गेली तर ओल आहे. दुसरी टेस्ट आपल्या हवेची, दहा बत्त्या रात्रभर पडवीत उघड्या ठेवा आणि सकाळी लावा. दहाच्या दहा पूर्ण जळल्या तरच माल बाहेर जाऊ द्या.

बारीक बत्ती जाड बत्तीपेक्षा लवकर संपते हे गिऱ्हाइकाला आधीच सांगा. ८ इंची जाड बत्ती ३५-४० मिनिटं जात असेल तर ही २५-३० च्या आसपास. रोजच्या पूजेला तेवढं पुरतं असं मला वाटतं, आणि बंद खोलीत धूर कमी झाला तर लहान मुलांना, दम्याच्या माणसांना बरंच, खिडकी मात्र तरीही उघडी ठेवायची. ज्यांना जास्त वेळच पाहिजे त्यांच्यासाठी ९ इंची काडी घ्या, मसाल्याचा भाग एक इंचाने वाढवूनही जाड ८ इंचीपेक्षा जवळपास २० टक्के मसाला कमीच लागतो. पाकिटावर वजनाबरोबर बत्त्यांची संख्या ठळक छापा कारण बारीक माल वजनाला हलका लागतो आणि लोक पाकीट हातात तोलून बघतात, आणि दुकानात ठेवणार असाल तर करणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि एमआरपी पाकिटावर असायलाच लागतं.