बीपी-अंजायनाची नवी गोळी सुरू व्हायच्या आधीची तयारी

इंदूरला आपल्याकडे औषधांची पिशवी बहुतेक सूनबाईच सांभाळते, म्हणून तिलाच सांगते, आई-बाबांना नवी गोळी लिहून दिली की आधी स्ट्रिपवर ब्रँडच्या खाली बारीक अक्षरांत असलेलं नाव वाचून वहीत लिहून घे. कारण बीपीसाठी आणि अंजायनासाठी (हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखणं) देतात त्या कॅल्शियम चॅनल ब्लॉकर गटातल्या गोळ्या सगळ्या एकसारख्या नसतात. अमलोडिपिन, सिलनिडिपिन, म्हणजे शेवटी 'डिपिन' असलेल्या गोळ्या मुख्यतः रक्तवाहिन्या सैल करतात, पण डिल्टियाझेम आणि व्हेरापामिल हृदयाचे ठोकेसुद्धा कमी करतात, आणि घरात आधीच मेटोप्रोलॉल किंवा अ‍ॅटेनोलॉल यांसारखी ठोके कमी करणारी गोळी चालू असेल तर नाडी फारच खाली जाऊ शकते, हे डॉक्टरांना आपणहून सांगायचं. इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) हृदयाचं पंपिंग कमी आलं असेल तर तो रिपोर्ट फाइलीत सगळ्यात वर ठेव.

बीपीचं मशीन दंडाला लावायचंच घे. चहानंतर अर्धा तास थांबून, पाच मिनिटं टेकून बसून, पाय जमिनीवर ठेवून, न बोलता (हे बाबांना जमणं कठीणच!) मोजायचं. अमलोडिपिनचा पूर्ण असर यायला आठवडा-दोन आठवडे लागतात, तिसऱ्या दिवशी "काही फरकच नाही" म्हणून मनाने डोस वाढवायचा नाही.

रोज संध्याकाळी घोट्याकडे बघ. मोज्याचा वळ खोल उमटतोय, बोटाने दाबलं की खड्डा पडतोय, तर ही बहुतेकदा गोळीचीच सूज असते, पण मेडिकलवाल्या भैयाकडून लघवीची गोळी आणू नकोस, डॉक्टर डोस बदलतात किंवा सोबत दुसरं औषध देतात. एकदम बंद तर अजिबात नाही, अंजायना उसळू शकतो. पुण्याला लग्नाला जायचं असेल तर गोळ्या हातातल्या पर्समध्ये, डिकीतल्या बॅगेत नाही. एखादी राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत, आणि रिटार्ड किंवा एसआर लिहिलेली, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी कुटून तर द्यायचीच नाही.

छाती आवळायला लागली तर रोजची अमलोडिपिन कामाची नाही. डॉक्टरांनी सॉर्बिट्रेट (अंजायनाची तातडीची गोळी) दिली असेल तर बसून जिभेखाली, पाच मिनिटांत दुखणं थांबलं नाही तर 108 ला फोन. सिल्डेनाफिलसारखी (व्हायग्रासारखी, लैंगिक ताकदीची) गोळी घेतलेली असेल तर सॉर्बिट्रेट नाही, लाज बाजूला ठेवून बाबांना हे आधीच विचारून घे. पूर्वी निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली द्यायचे, तो प्रकार धोक्याचा, बीपी धाडकन पडतं.

पोहे सोडायला नकोत, पण वरची सेव आणि जिरावण (पोह्यांवरचा खारट मसाला) हात आखडून. ग्रेपफ्रूट, चकोतरा टाळलेले बरे, काही गोळ्यांचा असर त्याने वाढतो. डेंटिस्टकडेही हीच वही ने, हिरड्या कधीकधी याच गोळीने फुगतात, आणि कोणी क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक लिहिलं तर ही गोळी चालू आहे हे तिथल्या तिथे सांग.