एअर रायफल: पेलेटची डबी संपते, स्कोअर तिथेच का राहतो?

"आज किती मारलेस?" रेंजवरून आलेल्या पोराला घरचे हेच विचारतात, आणि पोरगंही ऐटीत "दीडशे" म्हणतं. चूक इथूनच सुरू होते. त्यातले शेवटचे साठ-सत्तर शॉट कंबर दुखत असताना, कोपर कमरेवरून घसरत असताना मारलेले असतील, तर तेवढा वेळ वाकडी पोझिशनच घोटून पक्की झाली. ५०० पेलेटची (शिशाच्या छोट्या छर्‍यांची) डबी आठवड्यात रिकामी करणारे बरेच पाहिलेत. त्यातल्या अनेकांचा स्कोअर वर्षभर हलत नाही.

१० मीटरवर चुकीला जागाच नसते. दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, पेलेट ४.५ मिलिमीटरचा. मधोमध बसला तर १०.९, म्हणजे एका शॉटचे जास्तीत जास्त गुण, तिथून पाव मिलिमीटर सरकला की ०.१ गेला.

दुसरी चूक म्हणजे शूटिंगचं ताठ जॅकेट चढवलं की लगेच सायटर, म्हणजे नेम जमवायचे, गुण न धरले जाणारे शॉट. आधी पंधरा-वीस मिनिटं बिनपेलेटची द्या. सेफ्टी फ्लॅग (रायफल रिकामी असल्याचं दाखवणारी नळीतली रंगीत दोरी) काढून चेंबर रिकामा असल्याची खात्री करा, रायफल ड्राय फायरवर टाका, म्हणजे पेलेटशिवाय नुसता ट्रिगर दाबता येतो. पोझिशन घ्या, डोळे मिटा, दोन श्वास सोडा आणि मग डोळे उघडा. टार्गेटचा काळा गोल फोरसाइटच्या (नळीच्या टोकाच्या साइटच्या) रिंगमध्ये आपोआप आलेला दिसला पाहिजे. रिंग उजवीकडे पडली असेल तर हातानं ओढून आणू नका. मागचा पाय बोटभर सरकवा, परत डोळे मिटा. कंटाळवाणं काम आहे, मान्य. पण हातानं ओढून धरलेली रायफल ट्रिगर दाबताक्षणी मूळ जागी परत जायला बघते, आणि मग आपण म्हणतो, "नेम तर बरोबर होता, ९.६ कसा लागला?"

क्लिकचा, म्हणजे मागच्या साइटची चकती फिरवून नेम सरकवायचा नाद तर सगळ्यांनाच. एक शॉट डावीकडे गेला की दोन क्लिक, पुढचा उजवीकडे गेला की परत उलटे. मी एका स्पर्धेच्या आदल्या दिवशी सकाळभर हेच करत होतो, आणि दोष होता पायांत. निदान पाच शॉटचा ग्रुप, म्हणजे पुंजका पडू द्या. ग्रुप घट्ट आहे पण एका बाजूला पडलाय, तर क्लिक. ग्रुप उभा पसरत असेल तर आधी श्वासाकडे बघा, आडवा पसरत असेल तर पाय आणि ट्रिगरवरचं बोट तपासा. पसरलेला ग्रुप क्लिक फिरवून घट्ट होत नाही.

आणि शॉट कुठे लागला ते दाखवणारा तो मॉनिटर! शॉट सुटायच्या आत डोळा तिकडे वळतो, फॉलो थ्रू, म्हणजे शॉट सुटल्यावरही क्षणभर नेम धरून राहणं, तिथेच मरतो. आठवड्यातून एकदा तरी स्क्रीन झाकून, नाहीतर कागदी टार्गेट उलटं लावून कोऱ्या पांढऱ्यावर मारा. प्रत्येक शॉटनंतर तो कुठे गेला असेल ते आधी वहीत लिहा, शेवटी पडताळा. अंदाज जुळू लागला की समजा, आपला शॉट आपल्याला दिसायला लागलाय.

रोज मॅच मारू नका. साठ शॉट, ७५ मिनिटं, वर घड्याळाचा धाक. हे आठवड्यातून एकदा पुरे. बाकीच्या दिवशी एकच काम धरा. आज फक्त ट्रिगर, उद्या फक्त न मारता रायफल खाली घेणं. हे दुसरं सगळ्यात अवघड. आठ-दहा सेकंदांत शॉट सुटला नाही तर रायफल उतरवायची, हे सगळ्यांना तोंडपाठ असतं, पण उतरवतो कोण?

बट प्लेट (खांद्याला टेकणारा भाग), चीक पीस (गाल टेकायचा भाग), ट्रिगरचं वजन (तो दाबायला लागणारा जोर) हे एकाच दिवशी बदलू नका. फरक कशानं पडला ते कळणारच नाही. बदल केलाच तर जुना आकडा वहीत उतरवून ठेवा.

एक किरकोळ वाटणारी गोष्ट. पावसाळ्यात घामानं ओलं झालेलं जॅकेट घडी करून बॅगेत कोंबू नका. ते मऊ पडलं की पाठीचा आधार बदलतो आणि महिनाभर जमवलेली पोझिशन परत शोधत बसावी लागते. घरी गेल्यावर पंख्याखाली हँगरला लावा.