रीमॅप केलेल्या टर्बो पेट्रोल गाडीला प्लग आणि कॉइल कसे जुळवावेत

रीमॅप करून (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून) बूस्ट, म्हणजे टर्बो भरतो तो हवेचा दाब, वाढवला, आणि गोव्याहून परत येताना चोर्ला घाटात पूर्ण रेस दिली की गाडी मिसिंग करते, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये मिश्रण पेटत नाही आणि गाडी झटके खाते. अशा वेळी लगेच महागड्या कॉइलवर (प्लगला व्होल्टेज देणाऱ्या भागावर) पैसे घालू नका. आधी प्लग बघा.

हीट ग्रेड, म्हणजे प्लग आपली उष्णता किती लवकर बाहेर टाकतो; लवकर टाकतो तो थंड प्लग. प्लगच्या टोकावरचा कार्बन जळून जायला साधारण ५०० अंश सेल्सिअस लागतात. तेच टोक ८५० च्या पुढे तापलं की ठिणगीआधीच मिश्रण पेटतं आणि पिस्टनला भोक पडू शकतं. म्हणून नुसत्या रीमॅपला एक ग्रेड थंड प्लग बहुधा पुरतो. मोठा टर्बो बसवला असेल तर रीमॅप करणाऱ्या ट्यूनरला विचारून दोन. दुकानात आकडे नीट बघा: एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, बॉशमध्ये नेमकं उलटं. आणि गाडी रोज बेळगावातच टिळकवाडी ते कॅम्प एवढीच फिरत असेल, तर जास्त थंड प्लग काजळी धरणारच. आट्यांची जाडी आणि लांबी मात्र मूळ प्लगचीच हवी; लांब प्लग पिस्टनला लागतो.

गॅप, म्हणजे ठिणगी ओलांडते ती प्लगच्या टोकांमधली फट. बहुतेकांचं इथेच चुकतं. सिलिंडरमधला दाब वाढला की तेवढीच फट ओलांडायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं. कॉइल तेवढं देऊ शकली नाही की ठिणगी विझते, तेही नेमकी पूर्ण बूस्टवर. कंपनीचा गॅप १ मि.मी.च्या आसपास असेल, तर ०.७ वर आणून बघा. इरिडियमचं मधलं टोक जेमतेम ०.६ मि.मी. जाडीचं, काही प्लगांत त्याहूनही बारीक. त्याला टेकवून काहीही वाकवू नका. फक्त वरची पट्टी हलकेच दाबा आणि तारेच्या गेजने मोजा.

बसवणं. इंजिन पूर्ण थंड हवं. प्लगच्या खळग्यात आधी हवा मारा. खानापूर, जांबोटीच्या पावसात तिथे पाणी आणि चिखल हमखास सापडतो. आटे हातानेच धरवा, मग टॉर्क रेंच: अॅल्युमिनियम हेडात वॉशरवाल्या १४ मि.मी. प्लगला २५ ते ३० न्यूटन-मीटर, १२ मि.मी.ला १५ ते २०. आट्यांना ग्रीस लावू नका, त्याने प्लग नकळत जास्त आवळला जातो. हेडातले आटे गेले तर बेळगावच्या उद्यमबागेत दुरुस्त करून मिळतील, पण हेड उतरवायची वेळ कशाला आणायची?

कॉइल. अजूनही मिसिंग असेल, तर स्कॅनर लावा. दुसऱ्या सिलिंडरचा मिसफायर दिसला तर त्याची कॉइल तिसऱ्यावर टाका. दोषही तिसऱ्यावर गेला तर कॉइल खराब, नाही गेला तर प्लग किंवा इंजेक्टर तपासा. जास्त ताकदीच्या कॉइल घेतल्या तर ट्यूनरकडून त्यांचा ड्वेल, म्हणजे चार्जिंगचा वेळ, सेट करून घ्या. जुन्याच सेटिंगवर त्या जळूही शकतात.

प्लगचं वाचन. घाट चढून कणकुंबीला गाडी बंद करा, इंजिन पूर्ण थंड होऊ द्या आणि तिथेच प्लग काढा. फिकट तपकिरी रंग ठीक. कोरडी काजळी म्हणजे मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) किंवा प्लग जास्त थंड. पोर्सेलिनवर अॅल्युमिनियमचे बारीक चमकते ठिपके दिसले तर इंजिन नॉक करतंय, म्हणजे मिश्रणाचा काही भाग आपोआप पेटून धडका देतोय. मग बूस्ट न देता सावकाश बेळगाव गाठा आणि ट्यूनरकडून ठिणगीचं टायमिंग कमी करून घ्या.