चालत्या ट्रकचा टायर फुटल्यास ब्रेकवर पाय नको

हापूसच्या पेट्या किंवा जांभा दगड भरून मुंबई-गोवा महामार्गाने जाणाऱ्या ट्रकचा पुढचा टायर फुटला, तर गाडी त्या बाजूला जोरात ओढली जाते आणि घाबरून करकचून दाबलेल्या ब्रेकमुळे ती उलटण्याचा धोका वाढतो.

१. स्टीअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून गाडी सरळ ठेवावी. अंगठे मात्र आत अडकवू नयेत, कारण झटक्याने ते मोडू शकतात.

२. ब्रेक आणि क्लच दाबू नयेत. सपाट रस्त्यावर अ‍ॅक्सिलरेटर क्षणभर आहे तसाच धरावा आणि गाडी सरळ धावू लागल्यावरच हळूहळू सोडावा. पाय आपोआप ब्रेककडे जातो, म्हणून हा क्रम आधीच मनाशी घोकून ठेवणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

३. वेग पुरेसा उतरल्यावर इंडिकेटर देऊन डावीकडे यावे. पावसाळ्यात मातीची साइडपट्टी खचते, त्यामुळे टणक जागा मिळेपर्यंत सावकाश पुढे जावे, टायर वाया गेला तरी चालेल.

परशुराम घाटासारख्या उतारावर अ‍ॅक्सिलरेटर धरू नये. तेथे आधीपासूनच खालच्या गिअरमध्ये असावे आणि स्टीअरिंग ताब्यात आल्यावर ब्रेक हलकेच, टप्प्याटप्प्याने लावावा.