सापासाठी उंदीर मारायचाच असेल तर त्याचे हाल न करता कसा मारायचा

बॉल पायथन नाहीतर कॉर्न स्नेक हे पाळीव साप पाळले की त्यांच्या खाण्यासाठी उंदीर आलेच. पण जिवंत उंदीर सापापुढे सोडणं मला अजिबात पटत नाही, तो घाबरतो आणि जीव वाचवायला सापालाच चावतो, डोळ्याला किंवा तोंडाला लागलं की जखम चिघळते. फ्रोझन उंदीर मिळत असतील तर सरळ तेच घ्या, पुढचं काही करायची गरजच नाही. घरी उंदीर वाढवत असाल तर मात्र हे शिकावंच लागेल.

यासाठी कार्बन डायऑक्साइड वापरतात. त्याचा अंश मांसात राहत नाही. प्राण्यांच्या डॉक्टरांकडचं पेंटोबार्बिटलचं (प्राण्याला शांतपणे मारायला वापरतात त्या औषधाचं) इंजेक्शन दिलेला प्राणी सापाला कधीच घालू नका, ते औषध सापाच्या पोटात जातं.

सिलिंडर, रेग्युलेटर आणि लिटर प्रति मिनिट दाखवणारा फ्लोमीटर हवा. प्लांटेड टँकवाल्यांकडे, म्हणजे पाणवनस्पतींचं ॲक्वेरियम ठेवणाऱ्यांकडे, गॅसचे बुडबुडे मोजणारा बबल काउंटर असतो, त्याने इथे काम होत नाही. व्हिनेगर-सोडा किंवा ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) वापरून गॅस बनवणंही नको, त्यात गॅस किती येतोय यावर आपला ताबाच नसतो.

डबा पारदर्शक घ्या, झाकणाला हवा बाहेर जायला छोटं भोक ठेवा. खाली उंदरांच्याच पिंजऱ्यातला थोडा भुसा टाका म्हणजे ओळखीच्या वासाने ते शांत राहतात, एकत्र वाढलेलेच उंदीर एकत्र ठेवा आणि गर्दी करू नका. डबा आधी गॅसने भरून ठेवायचा नाही, ही चूक फार जण करतात. गॅस एकदम जास्त झाला की नाकातल्या ओलाव्यात त्याचं आम्ल बनतं आणि शुद्धीतल्या उंदराला ते झोंबतं, म्हणून हळूहळू सोडायचा. अमेरिकन पशुवैद्यकीय संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत दर मिनिटाला डब्याच्या आकारमानाच्या ३० ते ७० टक्के असा वेग दिलाय, म्हणजे २० लिटरच्या डब्याला मिनिटाला ६ ते १४ लिटर. आधी उंदीर बेशुद्ध होतो, मग श्वास थांबतो. श्वास थांबल्यावरही निदान एक मिनिट गॅस चालू ठेवा, मी तर त्यानंतर अजून दहा मिनिटं डबा उघडतच नाही, कारण अर्धवट बेशुद्ध उंदीर मोकळ्या हवेत परत शुद्धीवर येऊ शकतो. बाहेर काढल्यावर छातीची हालचाल नाही ना, ठोके लागत नाहीत ना, डोळ्याला हलकंच बोट लावलं तर पापणी हलत नाही ना, हे सगळं बघा आणि शंका वाटली तर परत गॅस द्या. खिडक्या उघड्या ठेवूनच करा, बंद खोलीत हा गॅस आपल्यालाही घातक आहे.

पिंकी म्हणजे नुकतीच जन्मलेली पिल्लं यात धरू नका. त्यांना कमी ऑक्सिजन सहन होतो, कधीकधी ५० मिनिटंसुद्धा लागतात, त्यामुळे ती फ्रोझनच घ्या किंवा डॉक्टरांना विचारा. जिवंत उंदीर किंवा पिल्लू फ्रीझरमध्ये टाकणं, पाण्यात बुडवणं, भिंतीवर आपटणं हे कुणी कितीही सोपं म्हणून सांगितलं तरी करू नका. मान मोडायची पद्धत शिकलेल्या हातात झटपट होते, पण व्हिडिओ बघून पहिल्यांदा करायला जाल तर त्याचे हालच होतील.

मेल्याची पूर्ण खात्री झाली की झिपलॉकमध्ये भरून फ्रीझ करा. खायला द्यायच्या आदल्या रात्री फ्रिजमध्ये काढून ठेवा, मग पिशवीसकट कोमट पाण्यात गरम करा, मायक्रोवेव्हमध्ये नको. डबा प्रत्येक वेळी धुवा आणि हात साबणाने.