शेअर बाजाराची भाषा शिकताना या चुका टाळा

एका सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी मावशीचा फोन आला. बाजार उघडून जेमतेम पाच मिनिटं झाली होती. "अगं, माझे निम्मे पैसे गेले की! काल बाराशे वीस भाव होता, आज सहाशे बारा दाखवतंय. विकून टाकू का?"

तिच्याकडे त्या कंपनीचे ४० शेअर होते. ॲपवर लाल अक्षरांत चोवीस हजारांहून जास्त तोटा दिसत होता. मी विचारलं, "मावशी, त्या कंपनीने बोनस जाहीर केला होता ना? एकास एक?" ती म्हणाली, "हो, पण त्याचा याच्याशी काय संबंध? बोनस तर फुकट मिळतो."

मावशीला बोनसची व्याख्या तोंडपाठ होती. तिच्या वहीत सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: कंपनीने भागधारकांना विनामूल्य दिलेले जादा शेअर. त्यात चुकीचं काही नाही, पण दुसऱ्या दिवशी भावाचं काय होतं, हे त्या ओळीत कुठेच नाही. एकास एक बोनस म्हणजे ४० चे ८० शेअर आणि भाव निम्मा. कंपनीच्या तिजोरीत त्यामुळे एक रुपयाही आलेला नसतो की गेलेला नसतो. गंगाजळीतली रक्कम भांडवलाच्या खात्यात लिहिली जाते, इतकंच. शंभराची नोट सुटी करून घ्यावी तसं. भाव एक्स-डेटच्या (ज्या दिवसापासून नव्याने शेअर घेणाऱ्याला तो बोनस किंवा लाभांश मिळत नाही) सकाळी लगेच खाली येतो, जादा शेअर मात्र खात्यात जमा व्हायला थोडा वेळ लागतो. ऑक्टोबर २०२४ पासून सेबीच्या, म्हणजे बाजाराच्या नियामक संस्थेच्या, नियमानुसार रेकॉर्ड डेटनंतर (हक्कदार भागधारकांची यादी ठरते तो दिवस) दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी ते विक्रीला खुले होतात. मधल्या काळात ॲपला ४० च शेअर दिसतात आणि तो ४० गुणिले ६१२ करून मोकळा होतो.

मावशीने विकले नाहीत. पण असं विकणारे लोक मी पाहिलेत, म्हणून हा लेख. बाजारातला जवळजवळ प्रत्येक शब्द कुठल्यातरी आकड्याला चिकटलेला असतो. तो आकडा कशावर मोजलाय, हे विचारलं नाही तर शब्द येऊनही उपयोग नाही.

भाव अचानक निम्म्यावर किंवा पाचव्या हिश्शावर दिसला तर

आधी एक्स्चेंजच्या वेबसाइटवर त्या कंपनीच्या पानावर कॉर्पोरेट ॲक्शन्स पाहा. बोनस किंवा स्प्लिट दिसेल. दोन्हींत शेअर वाढतात आणि भाव त्याच प्रमाणात उतरतो, पण स्प्लिटमध्ये दर्शनी मूल्यही (शेअरची कागदोपत्री ठरलेली मूळ किंमत) फुटतं. १० रुपये दर्शनी मूल्याचा शेअर २ रुपयांचा झाला की एकाचे पाच होतात. बोनसमध्ये दर्शनी मूल्य तसंच राहतं. हा फरक का लक्षात ठेवायचा, ते लाभांशाच्या वेळी कळेल.

भावावरून कंपनी लहान की मोठी ठरवणं

ही चूक सर्वांत जास्त लोक करतात आणि सर्वांत जास्त काळ करतात. "एमआरएफ एवढी मोठी कंपनी, लाखाचा शेअर!" हे वाक्य कितीदा ऐकलं असेल. जून २०२३ मध्ये एमआरएफच्या शेअरने एक लाख रुपयांचा टप्पा ओलांडला, हे खरं. पण त्या कंपनीचे एकूण शेअर साधारण ४२ लाख आहेत. लाख गुणिले ४२ लाख, म्हणजे बाजारमूल्य ४२ हजार कोटींच्या आसपास. आता रिलायन्स घ्या. ऑक्टोबर २०२४ च्या बोनसनंतर तिचा शेअर तेराशे-चौदाशेच्या घरात आला, पण शेअरची संख्या १,३५० कोटींहून जास्त. १,३०० रुपयांचा भाव धरला तरी गुणाकार साडेसतरा लाख कोटींच्या पुढे जातो. म्हणजे लाखाचा शेअर असलेल्या कंपनीच्या चाळीसपट.

एकटा भाव कंपनीबद्दल काहीच सांगत नाही. त्याला शेअरच्या संख्येने गुणलं की मार्केट कॅप मिळतं, आणि तुलना करायची ती त्याची. उलट बाजूची चूक जास्त महागात पडते. ८ रुपयांचा शेअर 'स्वस्त' म्हणून हजारांनी घ्यायचा, कारण "आठचे सोळा व्हायला कितीसा वेळ लागतो?" आठचे सोळा होणं आणि आठ हजारांचे सोळा हजार होणं, दोन्ही शंभर टक्केच आहेत. त्या कंपनीचे शेकडो कोटी शेअर बाजारात असतील तर ८ रुपयांतही ती महाग असू शकते.

टक्के कशाचे, हे न विचारणं

"कंपनीने ५०० टक्के लाभांश दिला!" वाचून डोळे विस्फारतात. पण लाभांशाचे टक्के दर्शनी मूल्यावर मोजतात, बाजारभावावर नाही. दर्शनी मूल्य २ रुपये असेल तर ५०० टक्के म्हणजे शेअरमागे १० रुपये. बाजारभाव १,००० असेल तर तुमच्या हातात आला एक टक्का, आणि त्यावरही तुमच्या स्लॅबप्रमाणे कर. हा एक टक्का म्हणजे डिव्हिडंड यील्ड. जाहिरातीसारख्या मथळ्यात तो छापत नाहीत, तो आपण काढायचा. आणि स्प्लिटनंतर दर्शनी मूल्य घटलं की तेच ५०० टक्के आणखी कमी रुपयांचे होतात.

निर्देशांकाच्या अंशांचंही तेच. ४ जून २०२४ ला, लोकसभेच्या निकालाच्या दिवशी, सेन्सेक्स ४,३८९ अंशांनी कोसळला. २३ मार्च २०२० ला तो ३,९३४ अंशांनी पडला होता. नुसते अंश पाहिले तर २०२४ चा दिवस जास्त वाईट. पण २०२४ मध्ये सेन्सेक्स ७६ हजारांवरून उतरला होता, ती घसरण ५.७४ टक्के. २०२० मध्ये ३० हजारांच्या खालून पडला, ती १३.१५ टक्के. आणि २८ एप्रिल १९९२ ला, रोखे घोटाळ्याच्या दिवसांत, फक्त ५७० अंश पडले होते, पण ते १२.७७ टक्के होते. बातमीत अंश ऐकले की लगेच टक्के शोधा. ही एक सवय लागली तरी संध्याकाळच्या अर्ध्या बातम्यांनी छातीत धस्स होणं थांबेल.

याच घरातली आणखी एक गल्लत: ५० टक्के पडलेला शेअर ५० टक्के वाढला की बरोबरी झाली, असं वाटणं. शंभरचे पन्नास झाले, पन्नासवर ५० टक्के म्हणजे पंच्याहत्तर. बरोबरीसाठी शंभर टक्के वाढ लागते.

एक्स-डेटच्या दिवशी खरेदी करून लाभांशाची वाट पाहणं

आपल्याकडे २७ जानेवारी २०२३ पासून सर्व शेअरसाठी टी प्लस वन आहे, म्हणजे आजच्या व्यवहाराचे शेअर पुढच्या कामकाजाच्या दिवशी खात्यात येतात. रेकॉर्ड डेटला तुमचं नाव यादीत हवं, म्हणून खरेदी किमान एक कामकाजाचा दिवस आधी हवी. रेकॉर्ड डेट शुक्रवारी असेल तर गुरुवारपर्यंत. शुक्रवार हीच एक्स-डेट, त्या दिवशी घेतलेल्या शेअरवर लाभांश मिळत नाही. मिळाला नाही म्हणून ब्रोकरशी भांडण्याआधी कॉन्ट्रॅक्ट नोटवरची (ब्रोकर पाठवतो त्या व्यवहाराच्या पावतीवरची) तारीख बघा. मात्र फक्त लाभांशासाठी आदल्या दिवशी उडी मारण्यातही हशील नाही. एक्स-डेटला भाव साधारण तेवढ्याने उतरूनच उघडतो.

पी/ई कमी म्हणजे शेअर स्वस्त, असं समजणं

भाव ६०० आणि वर्षभराचा शेअरमागे नफा ३० रुपये, तर पी/ई (भाव भागिले शेअरमागे नफा) २०. इथपर्यंत सगळ्यांना जमतं. पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही: हे तीस रुपये कुठले? कंपनीने एखादी जमीन विकली असेल तर त्या वर्षीचा नफा फुगतो, पी/ई खाली येतो आणि शेअर स्वस्त भासतो. पुढच्या वर्षी विकायला दुसरी जमीन नसते. पोलाद, साखर, सिमेंट अशा चढ-उताराच्या धंद्यांत तर गंमत उलटीच असते. नफा शिखरावर असतो तेव्हा पी/ई सर्वांत कमी दिसतो, आणि नेमके तेव्हाच नवखे लोक आत शिरतात.

दोन वेबसाइटवर एकाच कंपनीचा पी/ई वेगळा दिसला तर घाबरू नका. एकीने फक्त मूळ कंपनीचा नफा घेतला असेल, दुसरीने उपकंपन्या धरून एकत्रित. याचं सर्वांत ठसठशीत उदाहरण खुद्द निफ्टीचं आहे. मार्च २०२१ च्या अखेरीस एनएसईने (नॅशनल स्टॉक एक्स्चेंजने) निफ्टीचा पी/ई एकत्रित नफ्यावर मोजायला सुरुवात केली आणि तो एका दिवसात सुमारे ४० वरून ३३ वर आला. बाजार तिथेच होता, फक्त भागाकारातला छेद बदलला. त्यामुळे "निफ्टीचा पी/ई दहा वर्षांपूर्वी इतका होता, आज इतका आहे" अशी तुलना कुणी केली की ती कुठल्या पद्धतीने, हे विचारायलाच हवं.

स्टॉप लॉस लावला म्हणजे निश्चिंत

या शब्दावर लोकांचा फार विश्वास, म्हणून इथे जरा थांबू. स्टॉप लॉस म्हणजे भाव ठरलेल्या पातळीपर्यंत घसरला की शेअर विकायची आधीच देऊन ठेवलेली ऑर्डर. समजा ५०० ला शेअर घेतला. ट्रिगर ४७० आणि लिमिट ४६९ असा स्टॉप लॉस जीटीटीने, म्हणजे दिवस संपला तरी उभ्या राहणाऱ्या ऑर्डरने, लावला. रात्री वाईट बातमी आली आणि सकाळी शेअर थेट ४४० ला उघडला. ट्रिगर लागला, तुमची विक्रीची ऑर्डर बाजारात गेली. पण ती म्हणते, ४६९ च्या खाली विकायचं नाही. ४४० च्या बाजारात ४६९ देणारा कोण? ऑर्डर तशीच पडून राहते, शेअर आणखी घसरतो. "स्टॉप लॉस लागलाच नाही" या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं. ट्रिगर ही ऑर्डर जागी करणारी किंमत आणि लिमिट ही विक्रीची किंमत, या दोहोंत पुरेसं अंतर ठेवा, अचानक दरी पडली तर तेही अपुरं ठरेल हे धरून चाला.

आणखी दोन गोष्टी. साधी ऑर्डर त्या दिवसापुरतीच असते, बाजार बंद झाला की रद्द. दुसऱ्या दिवशी ती आपोआप उभी राहत नाही. बरेच ब्रोकर त्यासाठी जीटीटीची सोय देतात. आणि शेअर लोअर सर्किटला अडकला, म्हणजे त्या दिवसाच्या मर्यादेपर्यंत पडून समोर खरेदीदारच उरला नाही, तर कुठलाही स्टॉप लॉस तुम्हाला बाहेर काढत नाही.

फ्युचर्स-ऑप्शन्सचे (पुढच्या तारखेच्या सौद्यांचे) शब्द पहिल्या वर्षी शिकायचेच नाहीत, असं माझं स्पष्ट मत आहे. सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासात, आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत एक कोटीहून अधिक वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के तोट्यात होते. 'प्रीमियम (ऑप्शनची शेअरमागे किंमत) फक्त वीस रुपये' ऐकून जाणाऱ्याला लॉट, म्हणजे एकदम घ्यावा लागणारा गठ्ठा, किती शेअरचा, हे बहुतेकदा नंतर कळतं.

शिकायचं कुठून

व्याख्यांच्या याद्या बाजूला ठेवा. एक छोटी खरेदी करा, ऑर्डर देताना डिलिव्हरी (शेअर खात्यात ठेवायचे) निवडलंय की इंट्राडे (त्याच दिवशी व्यवहार मिटवायचा) हे दोनदा पाहा, आणि ईमेलवर येणारी कॉन्ट्रॅक्ट नोट उघडून पेन्सिल घेऊन बसा. ऑर्डर क्रमांक, व्यवहाराची वेळ, भाव, ब्रोकरेज, एसटीटी (शेअर व्यवहारावरचा कर), जीएसटी, मुद्रांक शुल्क. डिलिव्हरीत एसटीटी ०.१ टक्का, म्हणजे १०,००० च्या खरेदीवर १० रुपये. तो आकडा तिथे सापडतो का बघा. बाकीच्या ओळींची बेरीज खालच्या रकमेशी जुळते का बघा.

मावशी आता हेच करते. तिच्या वहीत बोनसच्या व्याख्येखाली तिने तीन ओळी घातल्या आहेत: ४० × १,२२० = ४८,८००. ४० × ६१२ = २४,४८०. ८० × ६१२ = ४८,९६०. तिसऱ्या ओळीसमोर तारीख आहे, जादा शेअर जमा झाले त्या दिवसाची.