हाय-स्पीड लिंकमधील सिग्नल लॉस भरून काढताना या चुका टाळा

सर्किट बोर्डवरील हाय-स्पीड लिंकमध्ये बिट एरर वाढू लागले, की बहुतेक जण आधी इक्वलायझेशन, म्हणजे कमजोर झालेल्या वरच्या फ्रीक्वेन्सींची भरपाई, वाढवून पाहतात. कारण खरोखर ट्रेसमधील (बोर्डवरील तांब्याच्या रेषेतील) लॉस हेच असेल, तर हा उपाय योग्य आहे. तांब्यातील स्किन इफेक्टमुळे (प्रवाह पृष्ठभागालगतच वाहिल्यामुळे) होणारा लॉस फ्रीक्वेन्सीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात आणि डायइलेक्ट्रिकमधील (बोर्डच्या इन्सुलेटरमधील) लॉस जवळपास फ्रीक्वेन्सीच्याच प्रमाणात वाढतो, आणि हा उतार भरून काढण्यासाठीच इक्वलायझर असतो. क्रॉसटॉक (शेजारच्या ट्रेसमधून घुसणारा सिग्नल) आणि जोडीतील स्क्यू (डिफरन्शियल जोडीच्या दोन तारांतील वेळेचा फरक) यांवर मात्र त्याचा इलाज चालत नाही. रिफ्लेक्शनवरही, म्हणजे परत फिरणाऱ्या सिग्नलवरही, तो मर्यादितच चालतो.

म्हणून सेटिंगला हात लावण्यापूर्वी इन्सर्शन लॉसचा, म्हणजे प्रत्येक फ्रीक्वेन्सीला वाटेत किती सिग्नल गमावला जातो याचा, आलेख पाहावा. रेषा सलग उतरत असेल, तर इक्वलायझेशनचा उपयोग होईल. मध्येच खोल खड्डा दिसला, तर व्हायाचा (लेयर जोडणाऱ्या छिद्राचा) स्टब, म्हणजे वापरात नसलेला उरलेला भाग, तपासावा. 2.5 मिलिमीटर लांबीचा स्टब, डायइलेक्ट्रिक स्थिरांक 4 धरल्यास, सुमारे 15 गिगाहर्ट्‌झला क्वार्टर-वेव्ह रेझोनन्स देतो, आणि सेकंदाला 32 गिगाबिटच्या दोन-पातळी लिंकची नायक्विस्ट फ्रीक्वेन्सी, म्हणजे बिट रेटच्या निम्मी फ्रीक्वेन्सी, 16 गिगाहर्ट्‌झ असते. तेथे बॅकड्रिलिंग करावे (स्टब ड्रिलने काढून टाकावा) किंवा स्टब आखूड राहील अशा लेयरवर ट्रेस न्यावी.

दुसरी चूक म्हणजे सगळा भार एकाच ठिकाणी टाकणे. सीटीएलई, म्हणजे रिसीव्हरमधील अॅनालॉग इक्वलायझर, वरची फ्रीक्वेन्सी उचलते, तेव्हा सिग्नलबरोबर नॉइज आणि क्रॉसटॉकही उचलले जातात. डीएफई, म्हणजे रिसीव्हरमधील फीडबॅक इक्वलायझर, आधी ठरलेल्या बिटांवरून दुरुस्ती करत असल्यामुळे नॉइज वाढवत नाही. परंतु एक बिट चुकीचा ठरला, तर पुढचे बिटही चुकू शकतात, शिवाय पुढच्या बिटाचा आधीच पडणारा प्रभाव, म्हणजे प्री-कर्सर, तिच्या आवाक्याबाहेर असतो. तो ट्रान्समीटरच्या एफएफईने, म्हणजे सिग्नल पाठवण्यापूर्वीच आकार देणाऱ्या इक्वलायझरने, आवरावा.

आखूड ट्रेसवर जोरदार डी-एम्फसिस (ट्रान्समीटरवर स्थिर बिटांची पातळी कमी करणे) ठेवणे तितकेच घातक आहे. रिसीव्हरजवळच्या आय डायग्राममध्ये, म्हणजे अनेक बिटांच्या लहरी एकमेकांवर ठेवून काढलेल्या चित्रात, पातळी बदलल्यानंतरचा पहिला बिट पुढच्या स्थिर बिटांपेक्षा स्पष्टपणे उंच दिसला, तर ते ओव्हर-इक्वलायझेशन समजावे आणि सेटिंग उतरवावे.

रिसीव्हरच्या पिनवर आय (त्या चित्रातील मधली मोकळी जागा) बंद दिसली म्हणून लिंक बिघडली, असा निष्कर्ष मात्र काढू नये. पीसीआय एक्स्प्रेसच्या चौथ्या पिढीत 8 गिगाहर्ट्‌झला सुमारे 28 डेसिबल लॉस गृहीत धरलेला आहे, म्हणजे त्या फ्रीक्वेन्सीला सिग्नलचे व्होल्टेज साधारण पंचविसाव्या भागाइतकेच उरते. त्यामुळे आय रिसीव्हरमधील इक्वलायझरनंतरच पाहावी. अंतर फारच लांब असेल, तर वाटेत रीटायमर चिप वापरावी, कारण ती डेटा नव्याने ठरवून पुढे पाठवते. रीड्रायव्हर, म्हणजे सिग्नल फक्त वाढवणारी चिप, सिग्नलबरोबर साचलेला नॉइजही वाढवून देतो.

शेवटी, खोलीच्या तापमानाला सापडलेले सेटिंग तसेच कायम करू नये: एफआर-4 या नेहमीच्या बोर्ड मटेरियलवरील लॉस उष्णतेने आणि ओलाव्याने वाढतो, म्हणून मार्जिन (एरर येण्याआधीची उरलेली मोकळीक) बोर्ड तापलेला असतानाच मोजावे.